योकोईंच्या नावावर फिरणारा मंत्र

गेले काही महिने एक पोस्ट माझ्या फीडवर सारखी येतेय. निन्टेन्डोच्या गेमबॉयचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मशीनचा फोटो, त्याखाली गुनपेई योकोई या जपानी डिझायनरचं नाव आणि त्यांचा तो प्रसिद्ध मंत्र: नवं महागडं तंत्रज्ञान सोडा, जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्या आणि कुणाच्या डोक्यात आलं नसेल अशा जागी वापरा. शेवटी स्टार्टअपवाल्यांसाठी पाच धडे. परवा तर एकाने याला थेट 'जपानी जुगाड' म्हणून टाकलं, आणि खाली शे-दीडशे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

योकोई मला फार आवडतात, म्हणूनच चिडचिड होते. मंत्र त्यांचाच आहे, त्यात खोटं काही नाही. पण नुसता तो पाळला की माल खपतो, हे साफ चुकीचं आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्याच कारकिर्दीत पडलेला आहे. त्याकडे येतोच.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म १९४१, क्योतो. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकले. मोठ्या कंपन्यांनी घेतलं नाही, म्हणून १९६५ साली गावातल्याच निन्टेन्डोत लागले. तेव्हाची निन्टेन्डो म्हणजे १८८९ पासून हानाफुदा हे पारंपरिक जपानी पत्ते छापणारी कंपनी. काम काय, तर पत्त्यांच्या मशिनरीचा मेन्टेनन्स. मशीन नीट चालू असेल तर मेन्टेनन्सवाल्याला दिवसभर काम नसतं, हे कुठल्याही कारखान्यात काम केलेल्याला सांगायला नको. त्या रिकाम्या वेळात योकोईंनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनवला. जुन्या इमारतींच्या लिफ्टला सरकता जाळीचा दरवाजा असतो ना, तशीच पट्ट्यांची रचना. मुठी जवळ आणल्या की पुढचा चिमटा लांब जाऊन वस्तू पकडणार. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं आणि बोलावून घेतलं. योकोईंना वाटलं आता खरडपट्टी. यामाउची म्हणाले, याचं खेळणं करून विकायला काढ. १९६६ सालचं हे 'अल्ट्रा हँड' बारा लाखांच्या आसपास खपलं आणि मेन्टेनन्सचा पोरगा खेळणी बनवायच्या कामाला लागला.

पुढची दहा-बारा वर्षं लोक एका ओळीत उडवतात, पण मला विचाराल तर खरा माल तिथेच आहे. १९६९ चा 'लव्ह टेस्टर' घ्या. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक गोळा धरायचा, अंगातून जाणारा बारीकसा प्रवाह मीटरचा काटा हलवणार आणि 'प्रेम' किती ते दाखवणार. आत काय आहे? शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला मीटर. मुलींचा हात धरायला निमित्त हवं होतं, असं योकोई नंतर हसत सांगायचे. त्या काळच्या जपानमध्ये पोरापोरींनी चारचौघांत हात धरणं ही केवढी गोष्ट! विकलं गेलं ते निमित्त. मीटर कुणालाच नको होता.

आणि माझं सर्वांत लाडकं, १९७२ ची 'लेफ्टी आरएक्स' ही रिमोटची गाडी. तेव्हा रेडिओवर चालणाऱ्या गाड्या प्रचंड महाग, कारण डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे अशा प्रत्येक हालचालीला वेगळा चॅनेल लागायचा. योकोईंनी एकच चॅनेल ठेवला. गाडी सरळ जाते, बटण दाबलं की डावीकडे वळते. उजवीकडे वळतच नाही! आता कुठल्याही डिझाइन मीटिंगमध्ये हे मांडून बघा. मी अशा मीटिंगांमध्ये बसतो, काय ऐकू येईल ते सांगतो: ग्राहक म्हणेल गाडी बिघडलेलीच दिलीत. पण योकोईंनी आधी पोरं गाडी कशी खेळतात ते पाहिलं होतं. शर्यत गोल ट्रॅकवर लागते, आणि गोल ट्रॅकवर सगळी वळणं एकाच बाजूला असतात. उजवं वळण पोरांना लागतच नव्हतं, म्हणून ते गेलं. किंमत उतरली ती त्यामुळे.

हे जुगाडापेक्षा अगदी उलटं काम आहे. जुगाडात हाताशी जे आहे त्यावर भागवतो आणि उद्याचं उद्या बघतो. योकोई काय टाकून द्यायचं ते आधी ठरवायचे, आणि उरलेलं असं पक्कं करायचे की पोराने आपटलं तरी चालत राहावं. आखाती युद्धात आगीत होरपळलेला एक गेमबॉय चालू अवस्थेत वर्षानुवर्षं निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात ठेवलेला होता. प्लॅस्टिक वितळलेलं, बटणं काळी पडलेली, आणि स्क्रीनवर टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम सुरू. जुगाडाची वस्तू इतकं सोसत नाही हो.

'गेम अँड वॉच'ची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला. पुढे एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आजारी होता म्हणून गाडी चालवायला योकोई गेले आणि वाटेत बोलता बोलता कल्पना सांगून टाकली: मोठ्या माणसांसाठी कॅल्क्युलेटरएवढा छोटा खेळ. यामाउची ज्या बैठकीला चालले होते तिथे शार्प या कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते, आणि शार्प त्या वेळी कॅल्क्युलेटरच्या किंमतयुद्धात पिचलेली. १९८० च्या एप्रिलमध्ये पहिला गेम बाजारात आला. पुढे जगभरात ४ कोटी ३४ लाख खपले.

मंत्रवाले इथे थांबतात: बघा, स्वस्त झालेला एलसीडी, स्वस्त झालेली चिप! मला मात्र गाडीतल्या त्या नोकरदाराचे हात दिसतात. प्रवासात मोठा माणूस खेळताना दिसला तर लाजेल, म्हणून वस्तू मांडीवर, दोन्ही तळव्यांत लपेल एवढी हवी. तसे हात धरले की मोकळे कोण राहतात? फक्त दोन अंगठे. मग बटणंही तिथेच. आज फोन आडवा धरून गेम खेळणारा प्रत्येक पोरगा तसाच बसतो.

दोन वर्षांनी 'डाँकी काँग' हा निन्टेन्डोचा आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा गेम खिशात आणायचा होता. आर्केडच्या मशीनला दिशा द्यायला दांडा होता, पण ही खिशातली आवृत्ती दोन स्क्रीनची, घडी होणारी. दांडा ठेवला तर झाकण बंदच होणार नाही. म्हणून योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचं एकच सपाट बटण केलं. ते खाली मधोमध टेकलेलं असतं, त्यामुळे एक बाजू दाबली की समोरची वर येते, उलट दिशा एकाच वेळी लागूच शकत नाहीत. आणि अंगठ्याला न बघता कळतं आपण कुठे आहोत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या टीव्ही गेमच्या नकला घरोघरी आल्या, ज्यावर आपण कॅसेट फुंकून फुंकून काँट्रा आणि मारिओ खेळलो, त्यांच्या रिमोटवर डावीकडे हेच बटण होतं. जत्रेत मिळणारे एलसीडीचे छोटे गेमही याच वंशातले. योकोईंचं नाव न ऐकता आपली अख्खी पिढी त्यांच्या बटणावर अंगठे झिजवून बसली आहे.

निर्माता म्हणून त्यांनी जे केलं ते थोडक्यात सांगतो, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. १९८१ मध्ये यामाउचींनी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला 'डाँकी काँग' करायला दिला, तेव्हा देखरेखीला योकोई होते. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओ कितीही उंचावरून पडला तरी त्याला काही होऊ नये, हा आग्रह योकोईंचा. मियामोतोंना वाटत होतं मग खेळात राहिलं काय. आज उंचावरून पडून मरणारा मारिओ कल्पनेतही येत नाही. 'मेट्रॉइड' आणि 'किड इकारस' हे गेमही त्यांच्याच विभागातले.

आता गेमबॉय. एप्रिल १९८९, जपानमध्ये १२,५०० येन. हिरवट स्क्रीन, चार छटा, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, दोन्ही रंगीत. स्पर्धक आल्याची बातमी घेऊन सहकारी पडल्या चेहऱ्याने आला, तेव्हा योकोईंनी एवढंच विचारलं, स्क्रीन रंगीत आहे का? हो म्हटल्यावर म्हणाले, मग काळजी नाही. कारण रंगीत स्क्रीन आणि मागचा दिवा सेल कसे खातात ते त्यांना ठाऊक होतं. त्या मशीनना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत गार. गेमबॉयचे चार सेल त्याच्या कितीतरी पट चालत. सेलचे पैसे आईबाप देतात, हे ज्याला आठवतं तोच असा निर्णय घेतो. रंगाबद्दल ते म्हणायचे, फळ्यावर दोन वर्तुळं काढून 'हा हिममानव' म्हटलं की बघणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप दिसतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गेमबॉय एकट्या योकोईंचा नाही. सातोरू ओकादा या त्यांच्या सहकाऱ्याने नंतर मुलाखतीत सांगितलं आहे की योकोईंच्या मनात 'गेम अँड वॉच'च्या जवळचं, साधं खेळणं होतं. कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट, बदलता येईल असं, वर्षानुवर्षं चालणारं दणकट मशीन हवं म्हणून भांडले ते ओकादा. म्हणजे स्वस्ताच्या मंत्राला त्याच विभागात कुणीतरी लगाम घातला, म्हणून गेमबॉय झाला. कलर आवृत्ती धरून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपला. त्या पाच धड्यांत ओकादांचं नाव एकदाही नसतं.

आणि आता तो पुरावा. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय'. टेबलावर स्टँड, त्यावर चष्म्यासारखं डबडं, त्यात डोळे खुपसून बघायचं, आत काळोखात लाल रेषांचं त्रिमितीतलं जग. लाल एलईडी का? कारण तेच स्वस्त, तेच कमी वीज खाणारे, तेच मुरलेले. मंत्र तंतोतंत पाळला होता! तरी एक वर्षही धड चाललं नाही. जगभरात आठ लाखसुद्धा खपले नाहीत. मान वाकवून बसायचं, डोकं दुखायचं, आणि शेजारी बसलेल्याला आत काय चाललंय ते दिसायचं नाही. लव्ह टेस्टरमध्ये दोघं होते, लेफ्टी आरएक्समध्ये शर्यत होती, गेमबॉयला दोन मशीन जोडणारी केबल होती. इथे खेळणारा एकटा, तोही अंधारात. माझ्या मते योकोई पहिल्यांदाच वस्तूच्या प्रेमात पडले आणि ती धरणाऱ्या माणसाकडे बघायला विसरले. तंत्रज्ञान जुनं की नवं, याचा त्या अपयशाशी फारसा संबंधच नाही.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयमुळे हाकललं, ही कथा इंटरनेटवर अमर आहे. त्यांनी स्वतः लेख लिहून ती नाकारली होती. पन्नाशीच्या आसपास स्वतःचं काहीतरी सुरू करायचं आधीच मनात होतं म्हणाले. मला ते पटतं. सोडण्याआधी त्यांनी आटोपशीर, कमी सेल खाणारा 'गेमबॉय पॉकेट' बाजारात आणून दिला होता. हाकललेला माणूस जाता जाता एवढं काम करून जात नाही.

क्योतोतच त्यांनी 'कोतो' ही छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी 'वंडरस्वान' या हातात धरायच्या मशीनवर काम सुरू केलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा प्रांतात महामार्गावर त्यांची गाडी पुढच्या ट्रकला धडकली. काय झालं ते बघायला उतरले आणि मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. वंडरस्वान १९९९ मध्ये आला: ४,८०० येन, एकच पेन्सिल सेल, आणि त्यावर तीस तासांच्या आसपास खेळ. आडवाही धरता येतो, उभाही. माझ्या लेखी हे त्यांचं सर्वांत नेटकं मशीन, पण समोर पोकेमॉनवर स्वार झालेला त्यांचाच गेमबॉय होता. जपानबाहेर वंडरस्वानकडे कुणी फारसं बघितलंही नाही.

वंडरस्वानसोबत योकोईंच्या नावाचा एक कोड्याचा गेम होता, 'गुनपेई'. तुकड्या-तुकड्यांच्या रेषा वरखाली सरकवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत अखंड जोडायच्या. २००६ ला तो निन्टेन्डोच्या डीएस आणि सोनीच्या पीएसपी या मशीनवरही आला. मिळाला तर खेळून बघा. गेम बरा आहे, हातात बसायला वेळ लागतो. टेट्रिसची सर नाही, हे मात्र त्यांचा भक्त असूनही सांगतो.