नाबोथाची द्राक्षबाग आणि आपलं नाशिक

सध्या नाशिकमध्ये चार माणसं जमली की विषय जमिनीवर येतोच. गंगापूर रोडला काय भाव चाललाय, पाथर्डी फाट्याला कोणाच्या प्लॉटचे किती पट झाले, सिंहस्थाच्या निमित्ताने कुठून रस्ता जाणार. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातही तेच. हळहळ स्वतःच्या नुकसानीची नसते, दुसऱ्याला मिळालं याची असते. म्हणून आज लिहितोय.

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा अध्याय २१ पुन्हा वाचावा. अहाब राजाच्या वाड्याला लागून इज्रेलात नाबोथाची द्राक्षबाग होती. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने देऊ केलेला सौदाही वाईट नव्हता: याहून चांगली बाग घे, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. झालं! अख्ख्या इस्राएलाचा राजा तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. पुढे ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याची मोहर लावली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करून मारलं. एका भाजीच्या मळ्यासाठी!

यात समाधानी कोण होता? नाबोथ. आणि समाधानी होता म्हणूनच राजाच्या तोंडावर 'नाही' म्हणू शकला. हे आपण विसरतो. संतोषाचा उपदेश आपण नेमका गरिबाला करतो. मजुरी वाढवून मागणाऱ्याला, भाडं परवडत नाही म्हणणाऱ्याला आपण म्हणतो, "आहे त्यात समाधान मान." पवित्र शास्त्रात इशारा मिळतो तो अहाबाला. लूक १२ मध्ये कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाला. वाटणीसाठी येशूकडे आलेल्या माणसालाही त्याने आधी लोभापासून सांभाळायलाच सांगितलं. आपल्याकडे सातबाऱ्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटतं, त्या घरांत हा उतारा मोठ्याने वाचायला हवा.

हेव्याचं म्हणाल तर मत्तय २० मधला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा: द्राक्षमळ्याचा मालक दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मजूर कामाला लावतो. आपल्याकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यामुळे हा दाखला आपल्याला डोळ्यांसमोर दिसतो. पहाटे लागलेल्याला एक दिनार, संध्याकाळी पाचला लागलेल्यालाही एक दिनार. पहाटेवाल्याचा एक पैसाही कापला नव्हता. ठरली तेवढी मजुरी हातात होती, नजर मात्र शेजाऱ्याच्या हातावर. तो पाचवाला दिवसभर का उभा होता? "आम्हांला कोणी कामावर लावलं नाही." त्याच्याही घरी चूल पेटायची होती. पक्की नोकरी, फ्लॅट, पेन्शन असलेले आपण सगळे पहाटेवाले आहोत, आणि कोणाला सवलत किंवा घरकुल मिळालं की सर्वांत आधी कुरकुर आपलीच.

येशूचा प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहितो की कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. त्याच पत्रात त्यांनी पाठवलेल्या मदतीबद्दल तो मनापासून आनंदही व्यक्त करतो. गरज सांगणं, मदत घेणं म्हणजे असमाधान नव्हे.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये लिलाव होतो. कोणी एका भोपळ्यावर हजाराची बोली लावतो आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला परत देतो. मला तो दिवस फार आवडतो. यंदा त्याच उपासनेत नाबोथावर संदेश द्या आणि तो आम्हां फ्लॅटवाल्यांना उद्देशून द्या, अशी विनंती मी आमच्या पाळकसाहेबांना करणार आहे.