झॉम्बी तहानेने मेले, पुढं काय?

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण माझी झॉम्बींची कादंबरी शेवटपर्यंत वाचून लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झॉम्बी हीच मुळात थाप, मग त्यात एवढी डॉक्टरकी कशाला? दुसरं, अर्ध्या कादंबरीनंतर झॉम्बी गायबच होतात. आणि तुम्हाला खरा राग आलेला दिसतो तो तिसऱ्या गोष्टीचा: सगळ्या हल्ल्यांतून वाचलेली धाकटी मुलगी शेवटी ‘साध्या मधुमेहानं’ मरते.

थाप आहेच. पण ती एकच मारायची, असं ठरवून मी लिहायला बसलो. मेलेला माणूस चालत नाही. आखडलेला स्नायू सैल व्हायलाही एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं, आणि मेल्यावर ते तयार होत नाही; प्रेत ताठरतं ते त्यामुळेच. तेव्हा माझे झॉम्बी मेलेले नाहीत, आजारी आहेत. नमुना रेबीजचा: विषाणू लाळेत असतो, चाव्यातून शिरतो आणि मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. प्रत्यक्षात लक्षणं दिसायला बहुधा 2-3 महिने लागतात, मी ते काही तासांवर आणलं. एवढीच सूट घेतली, पुढचं सगळं शरीराच्या नियमानं चालतं.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे. रेबीजच्या रोग्याला पाणी गिळता येत नाही, घशाचे स्नायू पिळवटतात. पाण्याविना माणूस किती दिवस धावेल? आठवड्याभरात रस्ते मोकळे होणारच. ते गायब झालेले नाहीत, मेलेत. कादंबरीतली नर्स हे स्पष्ट सांगते. मारामारीच्या घाईत ते पान तुम्ही उलटलं असावं.

‘साध्या मधुमेहा’वरून मात्र मी भांडणार. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबलं की रक्त आम्लयुक्त होत जातं: उलट्या, खोल धापा, श्वासाला गोडसर वास, मग बेशुद्धी. यात बहुतेकदा आठवडेही जात नाहीत. आणि इन्सुलिनची न उघडलेली बाटलीसुद्धा 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. बाहेर साधारण महिनाभर भरवसा, त्यापुढं जोर ओसरत जातो. वीज गेली त्याच दिवशी त्या मुलीची मुदत ठरली होती. मी फक्त हिशेब मांडला.

‘मग इन्सुलिन बनवायचं!’ असं तुम्ही लिहिलंय. बनवलंही गेलंय. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्यातल्या शांघायमध्ये एव्हा सॅक्सल या स्वतः मधुमेही असलेल्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं पाणम्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं आणि शेकडो रोग्यांना जगवलं. पण त्यांच्याकडे वैद्यकाचं पुस्तक होतं, प्रयोगशाळेत जागा होती, आणि प्रत्येक खेपेचा जोर तपासायला ससे होते. माझ्या नर्सकडे दोन बाटल्या आणि एक बंद पडलेला फ्रीज आहे. चुकीच्या मापाचं इन्सुलिन मुलीला काही तासांत मारू शकतं, हे तिला ठाऊक आहे.

म्हणून ती 1922 च्या आधीचे डॉक्टर करायचे तेच करते: उपासमार. तेव्हा इन्सुलिन नव्हतं, तर अमेरिकी डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या पद्धतीनं मुलांना मोजून, अगदी जेमतेम अन्न देत. मुलांचा सापळा व्हायचा, पण काही महिने, क्वचित वर्षंही हाती लागायची. धाकटीचा आजार नुकताच कळलेला, शरीरात थोडं इन्सुलिन अजून पाझरतंय, म्हणून हा उपाय थोडा तरी चालतो. ती भुकेली मुलगी रात्री डबे उघडत फिरते, त्या प्रकरणाला तुम्ही क्रौर्य म्हणालात. ते क्रौर्यच आहे. नर्सला दुसरा मार्ग उरलेला नाही, आणि मला तिला चमत्कार द्यायचा नव्हता.

शेवटी तुम्ही सुचवलंय, पुढच्या भागात झॉम्बी परत आणा. नाही आणणार. पुढच्या भागात एक बाळंतपण आहे, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं औषध, ऑक्सिटोसिन, तेही थंडच ठेवावं लागतं. तेव्हा रक्तस्रावाची पानं पुन्हा लांबतील, आधीच सांगून ठेवतो.