कर्जात राहायचंय? आधी देश निवडा

क्रेडिट कार्डाचं बिल थकवायचा विचार असेल तर जन्म कुठे घ्यायचा ते आधी ठरवा. तैवान उत्तम. तिथे 2015 पासून कार्डावर वर्षाला 15 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. मलेशियात 15 ते 18. अमेरिकेत सरासरी 21च्या आसपास, तरी तिथले लोक बोंबलतात. तुम्ही नाशिकचे? मग महिना पावणेचार टक्के. ऐकायला किती गोड!

बारानं गुणू नका, बीपी वाढतं.

फारच जिवाला लागलं तर ब्राझीलकडे बघा. 2023 मध्ये तिथला दर 400 टक्क्यांपलीकडे गेला होता. (पुढे 2024 पासून त्यांनी व्याजाला मूळ देण्याएवढीच मर्यादा घातली. ते नका बघू.)

ऑटो-डेबिटचा, म्हणजे कार्डाचं बिल खात्यातून आपोआप कापून घ्यायचा फॉर्म स्वतः भरू नका. मॉलमधल्या टेबलापाशी टाय लावून उभा असलेला पोरगा भरून देतो. माझाही त्यानेच भरला. मी ‘पूर्ण रक्कम’ म्हणालो, त्याने ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे बिलातल्या किमान रकमेवर खूण केली. खात्यात पैसे असताना बँकेने उचलले 5 टक्के. मग फ्रिजच्या 38 हजारांवर व्याज, तेही फ्रिज घेतला त्या दिवसापासून! पुढच्या महिन्याच्या पेट्रोल-किराण्यावरही पहिल्या दिवसापासून, कारण म्हणे बिनव्याजी मुदत गेली. व्याजावर वर 18 टक्के जीएसटी. फोन केला तर नऊ दाबा, दोन दाबा, थांबा. शाखेत गेलो तर ‘कार्डचं डिपार्टमेंट वेगळं आहे, सर.’ माझे पैसे त्यांच्याकडे अडीच टक्क्यांनी पडलेले आणि त्यांचे माझ्याकडे 45 नी!

कोर्टात जायचंय? अवश्य जा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

रिवॉर्ड पॉइंट मात्र जमवत राहा.

पुरे आता. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. त्याच्या नावाने बोटं मोडता, आणि अडीचपट घेणाऱ्याला आधार-पॅन काढून देता? वर एअरपोर्टच्या लाउंजमध्ये फुकट इडली खाल्ली म्हणून स्टेटस ठेवता? वार्षिक दर कागदावर असतो, बारीक अक्षरात. चष्मा लावा आणि वाचा! आणि बँकवाले, पैसे खात्यात होते. सगळे घ्यायचे होते. मी सांगितलं होतं.