‘आलेल्या पॅकेटला काय आवरणार?’ – ऐरोलीकरांना उत्तर

नमस्कार ऐरोलीकर,

घरच्या राउटरवरच्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून तिचा गोषवारा इथेच देतो. ३०० एमबीपीएसच्या (सेकंदाला ३०० मेगाबिट) लाइनवर क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा हे राउटरने ठरवण्याची सोय) लावणं म्हणजे ‘सोवळं-ओवळं’ आहे. आपल्याकडे पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) २ मिलिसेकंद येतो आणि त्यासाठी काहीही करावं लागलेलं नाही. सीजीनॅटच्या (कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटते त्या पद्धतीच्या) जमान्यात पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) शिकवणं म्हणजे वाचकांचा वेळ खाणं. खासगी (फक्त घरातल्या जाळ्यात चालणाऱ्या) आयपी पत्त्यांची एक रेंज चुकली आहे. आणि मुख्य म्हणजे, डेटाच्या छोट्या तुकड्याबद्दल, म्हणजे पॅकेटबद्दल: ‘डाउनलोडचं पॅकेट राउटरला मिळालं याचा अर्थ ते लाइनवरून आलेलंच आहे, आलेल्या पॅकेटला काय आवरणार?’ शेवटी एक फुलही वाहिलंय: ‘यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय, ठाण्यात असले एक्स्पर्ट गल्लोगल्ली आहेत.’

चुकीचं आधी. मी १७२.१६ ते १७२.३२ असं लिहिलं होतं. ते १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ असं हवं. टंकदोष म्हणणार होतो, पण चूक ती चूक. मान्य. घरात १९२.१६८ सोडून कुणी काही वापरत नाही, त्यामुळे कुणाचं नेट बंद पडलं नसावं, तरी मान्य.

आता यूट्यूब. यूट्यूब २००५ साली सुरू झालं. लिनक्समधला एचटीबी हा बँडविड्थ वाटणारा भाग कर्नल २.४.२० मध्ये आला, नोव्हेंबर २००२ ला, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत तो लावत आलोय. तेव्हा काय बघून शिकलो असेन ते आपणच ठरवा. मतभेद असू द्या हो, पण समोरच्याला गल्लीतला ठरवूनच सुरुवात केली की पुढचा मुद्दा ऐकायची इच्छा राहत नाही. तरी ऐकलाय.

‘आलेल्या पॅकेटला काय आवरणार?’ हे वाक्य ऐकायला इतकं बिनतोड वाटतं की चार जणांनी त्याला अंगठे दिलेत. म्हणून यावर नीट लिहितो.

आलेलं पॅकेट आवरायचं नसतंच. आवरायचं असतं पुढचं. टीसीपीमध्ये, म्हणजे नेटवरचा बहुतेक डेटा ज्या नियमांनी येतो त्यात, पाठवणारा सर्व्हर आंधळेपणाने ओतत नाही. इकडून पोच गेली की तो पुढचा हप्ता सोडतो. मध्ये एखादं पॅकेट हरवलं तर समजतो की वाटेत गर्दी आहे, आणि हात आखडता घेतो. जुना रीनो अल्गोरिदम वेग निम्मा करतो, लिनक्सचा नेहमीचा क्युबिक सुमारे ७० टक्क्यांवर आणतो. म्हणजे आपल्या राउटरने योग्य वेळी एक पॅकेट मुद्दाम टाकून दिलं, किंवा दोन्ही टोकांना ईसीएन (पॅकेटवर गर्दीची खूण करायची सोय) चालत असेल तर नुसती खूण केली, की एका फेरीच्या वेळात तिकडचा सर्व्हर हळू होतो. पॅकेट आलं होतं हे खरं. ते टाकून देणं हाच निरोप असतो.

आता रांग कुठे लागते ते बघा. आपण राउटरला काहीच मर्यादा दिली नाही तर डाउनलोडची रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात लागते, कारण सगळ्यात अरुंद जागा तिथे आहे. तिथे आपल्या ऑफिसच्या कॉलचं पॅकेट मुलाच्या गेमच्या अपडेटमागे उभं राहतं, आणि त्या रांगेवर आपला काडीचा अधिकार नाही. गायमुख घाटात अडकलेल्या अँब्युलन्ससाठी माजिवड्याचा सिग्नल हिरवा करून काय मिळणार? म्हणून आपली मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवायची. मग सगळ्यात अरुंद जागा आपल्या घरात येते, रांगही घरात येते, आणि कुणाला पुढे सोडायचं हे आपण ठरवतो. ते १०-१५ टक्के ‘वाया घालवणं’ ज्याची आपण थट्टा केलीत, ते या जागाबदलाचं भाडं आहे.

हे न करता नुसतं प्राधान्य लावणारे लोक खूप आहेत, आणि ‘क्यूओएसने काही फरक पडत नाही’ ही तक्रार बहुतेक त्यांचीच असते. राउटरच्या ॲपमध्ये लॅपटॉपपुढे ‘हाय प्रायॉरिटी’चं बटण सुरू केलं, पण वरच्या बँडविड्थच्या चौकटीत १००० एमबीपीएस तसंच राहू दिलं. राउटर समजतो लाइन हजारची आहे. शंभरच्या लाइनवर त्याच्याकडे रांग कधी लागतच नाही, आणि रांगच नसेल तर प्राधान्य कुणापुढे द्यायचं?

आकडा कसा काढायचा तेही सांगतो, कारण लेखात मी ते दोन ओळींत उरकलं होतं. वाय-फायवर मोजायचं नाही. लॅपटॉप केबलने राउटरला जोडायचा, क्यूओएस बंद करायचं, आणि रात्री साडेनऊ-दहाला, म्हणजे अख्खी सोसायटी ऑनलाइन असताना, तीनदा वेग मोजायचा. तिन्हीतला कमीत कमी आकडा धरायचा. डाउनलोड त्याच्या ८५ ते ९० टक्के, अपलोड ९० ते ९५ टक्के. डाउनलोडला फट जास्त, कारण नवीन जोडणी सुरू होताना सर्व्हर दर फेरीला वेग दुप्पट करत येतो आणि निरोप पोचेपर्यंत थोडी गर्दी तिकडे होतेच. मोजमाप ९२ आलं तर डाउनलोडच्या चौकटीत ८०००० लिहायचं. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकायची मोफत लिनक्स प्रणाली) तिथे केबीपीएस, म्हणजे किलोबिट, चालतात. ८० लिहिलंत तर घरभर बोंब होईल.

मोजताना दोनशेच्या प्लॅनवर आकडा ९४ च्या आसपासच अडला तर कंपनीला फोन करण्याआधी केबल बघा. शंभरच्या पोर्टची ती छापील सहीच आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, आणि केबलवाल्याने चारच क्रिंप केल्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवल्या) असतील तर जोडणी निमूटपणे शंभरवर उतरते. क्रिंप नीट करून दिलं की काम होतं.

ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएमचं (रांग सांभाळणारं) पॅकेज टाकून ‘नेटवर्क’ खाली ‘एसक्यूएम क्यूओएस’ उघडायचं. इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या लाइनचा), पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर पीपीपीओईचा. रांगेचा प्रकार केक (रांग आणि वाटणी सांभाळणारी पद्धत), स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’. लिंक लेयरमध्ये इथरनेट विथ ओव्हरहेड निवडून ४४ (दर पॅकेटमागचा जादा भार, बाइटमध्ये) द्या. थोडं जास्त धरलं तर नुकसान नाही, कमी धरलं तर छोट्या पॅकेटांच्या गर्दीत हिशेब चुकतो. आणि फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग बंद करायचं. ते सुरू असेल तर पॅकेट आडवाटेने निघून जातात आणि क्यूओएस नुसतं पाटी लावून बसतं.

इथे एक गोष्ट लेखात राहिली होती. ती आपण काढली नाहीत, मीच काढतो. प्राधान्य आणि पत्ताबदल (नॅट) हे वेगळे विषय नाहीत. वॅनवरून बाहेर पडताना पॅकेटवरचा घरातला पत्ता आधीच बदललेला असतो, म्हणून केकला सगळं घर एकाच पत्त्याचं दिसतं. टॉरेंटच्या चाळीस जोडण्यांना चाळीस वाटे आणि कॉलच्या एका जोडणीला एक, असा ‘न्याय’ होतो. प्रगत पर्यायांत अपलोडसाठी ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि डाउनलोडसाठी ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट इन्ग्रेस’ लिहिलं (अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत) की केक राउटरच्या जोडण्यांच्या वहीत बघून मूळ उपकरण ओळखतो, आणि वाटा माणशी पडतो. घरात चार जण असतील तर या दोन ओळींनी जितका फरक पडतो तितका प्राधान्याच्या कुठल्याही यादीने पडत नाही.

आपला मुद्दा खरा ठरतो अशी एक जागा आहे: समोरचा पाठवणारा गर्दीची पर्वाच करत नसेल तर. कुणी मुद्दाम यूडीपीचा (पोच न मागता पाठवायच्या पद्धतीचा) मारा केला तर घरातून तो अडवता येत नाही. पण घरात येणारा बहुतेक सगळा माल टीसीपी किंवा क्विक (वेबची नवी पद्धत), आणि क्विक यूडीपीवर चालत असलं तरी गर्दीला वचकतं. अपवाद दाखवून नियम मोडीत काढायचा असेल तर वाद संपला.

आता तो २ मिलिसेकंद. अहो, तो रिकाम्या लाइनचा पिंग आहे! पहाटे चारला घोडबंदर रोडसुद्धा मोकळा असतो. प्रश्न भरल्या लाइनचा आहे. रांगेत १ एमबी साठलं आणि अपलोड १० एमबीपीएस असेल तर नव्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची जी.११४ शिफारस सांगते. लाइन ३०० ची असली तरी टीसीपी ती भरेपर्यंत थांबत नाही. ६० जीबीचं गेम ३०० एमबीपीएसवरही २७ मिनिटं घेतं, आणि ती २७ मिनिटं रांग उभी असते. वेग वाढल्याने रांग लवकर सरते, लागायची थांबत नाही. केकमधली कोडेलची पद्धत रांगेची लांबी न बघता पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघते: १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत उशीर सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की टाकायला सुरुवात. २०१२ साली निकोल्स आणि जेकबसन यांनी ती मांडली. सोवळं-ओवळं त्याहून बरंच जुनं आहे.

वाय-फाय हीच अडचण असेल तर यातलं काही उपयोगी नाही, हेही सांगतो. राहत्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर पंचवीस-तीस नेटवर्कं दिसतात. तिथे १, ६, ११ पैकी चॅनेल निवडा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. तसंच राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल तर ३०० वर केक त्याला झेपणार नाही: लोडखाली एक कोअर शंभर टक्के दिसला की समजा मर्यादा लाइनची नाही, डब्याची आहे.

सीजीनॅट. लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्यावर एक ओळ होती. एक का होईना, होती. लेखाचं शीर्षक घरच्या राउटरबद्दल होतं, कंपनीच्या नाही. तरी ज्यांना गोंधळ झाला त्यांच्यासाठी: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्ड कितीही लिहिलं तरी बाहेरून कुणी येणार नाही. कंपनीकडून पब्लिक आयपी घ्या, नाहीतर आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) वर फायरवॉलचा नियम उघडा, नाहीतर बाहेरच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) काढा आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागती ठेवणारा निरोप) २५ सेकंद ठेवा, कारण बरेच राउटर शांत बसलेली यूडीपीची नोंद ३० सेकंदांत पुसतात. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र बहुधा प्रकार वेगळा: फायबरचा डबा स्वतःच राउटर बनून बसलाय आणि पत्ता दोनदा बदलतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. लँडलाइन त्याच डब्याला असेल तर आधी विचारून घ्या, आणि डब्याचं रीसेटचं भोक टोचू नका; कंपनीने भरलेली सेटिंग्ज उडाली तर माणूस येईपर्यंत बसून राहाल. ब्रिज जमत नसेल तर निदान आतल्या राउटरचा लॅनचा (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.५०.१ करा, दोघांचंही १९२.१६८.१.१ ठेवू नका.

आणि ‘फॉरवर्ड करूनही कॅमेरा उघडत नाही’ म्हणणाऱ्या तिघांनी घरच्याच वाय-फायवरून तपासलं होतं. सगळे राउटर आतून बाहेर जाऊन परत आत वळत नाहीत. मोबाइल डेटावरून बघा. उघडला तर लगेच मूळ पासवर्ड बदला. २०१६ चं मिराय (उपकरणांवर कब्जा करणारं मालवेअर) अशाच कॅमेऱ्यांवर पोसलं होतं.

ऐरोलीकर, आपण आयटीतले असाल, भाषेवरून वाटतंच. मग एवढं करा. आज रात्री दहाला, एकीकडे मोठी फाइल क्लाउडवर चढवत, दुसरीकडे डाउनलोड सुरू ठेवून, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) शंभर पिंग मारा. आधी क्यूओएस बंद, मग वरच्या आकड्यांनी सुरू. दोन्हींचे सरासरी आणि कमाल आकडे इथे टाका, अख्खा स्क्रीन, खालची ओळ न कापता. मागच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘कमाल’ नेमकं कापलं गेलं होतं.

१७२.३१ ची दुरुस्ती लेखात केली आहे. श्रेय दिलेलं नाही, कारण ‘ऐरोलीकर’ या नावाला ते कसं द्यायचं कळेना. खरं नाव कळवलंत तर घालतो.