जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात ठेवल्याबद्दल

आदरणीय सर,

जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवून मी मुलांना पुस्तके सोडायला लावतो आहे आणि पाच वर्षांचे पेपर घोकले की भागते हे त्यांना मीच शिकवतो आहे, असा आपला आक्षेप आहे. आपण स्वतः पुष्कळ वर्षे शिकवलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण म्हणता ते पाठांतर मी माझ्याच वर्गात पाहिले आहे. गेल्या घटक चाचणीत रसायनशास्त्रातले, प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक काढण्याचे एक जुने गणित मी आकडा बदलून दिले. अर्धायुकाल, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, ३० मिनिटांऐवजी ४५ केला. ०.६९३ ला त्याने भागायचे, एवढेच काम होते आणि उत्तर ०.०१५४ यायला हवे होते. नऊ जणांनी ०.०२३१ लिहिले, म्हणजे आदल्या वर्षीचे उत्तर. त्यातल्या एकाने तर ४५ ने भागाकार स्वच्छ मांडला होता आणि खाली तरीही ०.०२३१ लिहून चौकट केली होती! चौकशी केली तेव्हा सोडवलेल्या उत्तरांची एक झेरॉक्स हाती लागली. ग्रंथालयात मी फक्त प्रश्न ठेवले आहेत, ते यामुळेच.

शिवाय, मी ठेवले नसते तरी हे पेपर मुलांच्या हाती होतेच, सगळ्यांच्या मात्र नव्हते. तालुक्याला खोली करून राहणाऱ्या मुलाला वरच्या वर्गातली मुले 'उन्हाळी', 'हिवाळी' असे लिहिलेला अख्खा संच देऊन जातात. आमच्या यवतमाळकडे हिवाळी परीक्षेचा अभ्यास ऐन कापूस वेचणीत येतो. सकाळी वेचायला जाऊन दुपारच्या एस.टी.ने प्रात्यक्षिकापुरती येणाऱ्या मुलीला तो संच कोण देणार? कोणत्या प्रश्नाला किती गुण आणि किती लिहायचे, हे तिला परीक्षेच्या खोलीतच पहिल्यांदा कळावे, हे मला पटत नाही.

प्रश्न सोडवणे म्हणजे अभ्यास टाळणे, हेही मला मान्य नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. अर्थात पुस्तक मिटून ठेवायला हवे, आणि ते मिटलेले आहे की नाही हे ग्रंथालयात बसून बघणे माझ्याच्याने दरवेळी होत नाही.

अभ्यासक्रम बदलल्यावर कालबाह्य पेपर तसेच ठेवल्याने मुलांची दिशाभूल होते, ही आपली सूचना मात्र रास्त आहे. गठ्ठ्यातले तसे पेपर वेगळे काढायला घेतले आहेत. ज्यांत निम्मे प्रश्न अजूनही लागू आहेत, त्यांतल्या उरलेल्या प्रश्नांवर पेन्सिलीने फुली मारून ते परत ठेवीन.