पाटणचा शिलालेख, लीलावती आणि वानरांचा कळप : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

गणितातील गमतीजमतींवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण तीन आक्षेप घेतले आहेत : बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्य चाळीसगावजवळच्या पाटणला जन्मले, असे मी पुराव्याशिवाय लिहिले, त्यांची मुलगी मानल्या जाणाऱ्या लीलावतीच्या मोडलेल्या लग्नाची दंतकथा इतिहास म्हणून सांगितली, आणि अशा गोष्टींमुळे मुलांच्या लक्षात किस्से राहतात, गणित राहत नाही. चाळीसगावला तीस वर्षे गणित शिकवलेल्या व्यक्तीने हे लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिला आक्षेप मान्य आहे. भास्कराचार्यांनी स्वतः शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ हे जन्मवर्ष आणि सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे गाव सांगितले आहे, आणि विज्जडविड म्हणजे आजचे कोणते ठिकाण, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. पाटणचा इ.स. १२०७ चा शिलालेख त्यांचा नातू चांगदेव याचा असून, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाची आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. जन्मस्थानाविषयी तो काही सांगत नाही. मात्र भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने ‘या नगरातून’ नेऊन पंडितांचा अग्रणी केले, असे त्याच लेखात आहे, त्यामुळे या घराण्याचे पाटणशी नाते मठापुरतेच नव्हते, एवढे म्हणायला हरकत नसावी. मठाच्या खर्चासाठी बाजारातील विक्रीवरचे उत्पन्न आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल लावून दिलेले वाचले की मला जन्मगावाच्या वादापेक्षा ते तेलच अधिक मोलाचे वाटते, कारण आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशातील तेल्यांच्या घाण्यावर सिद्धान्तशिरोमणीचा, म्हणजे भास्कराचार्यांच्या मुख्य ग्रंथाचा, अभ्यास चालत होता, असा त्याचा सरळ अर्थ होतो. (आमच्या गावच्या ग्रामपंचायतीने शाळेच्या वाचनालयासाठी अजून एवढेही केलेले नाही, पण ते असो.)

दुसरा आक्षेपही मान्य. घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या भोकाच्या वाटीत, मोती पडल्यामुळे मुहूर्त टळला, ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने ‘लीलावती’ या ग्रंथाच्या १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. उलट १३५ ला १२ ने गुणायला सांगताना ग्रंथकार लीलावतीला ‘हरिणीच्या पाडसासारख्या चंचल डोळ्यांची’ म्हणतो, आणि कोणी बाप मुलीला असे संबोधील, हे मला तरी पटत नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. लीलावतीच्या लग्नाच्या कथेत गणित नाही, म्हणून ती काढून टाकली तरी बिघडत नाही. परंतु भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातील वानरांची गोष्ट घ्या, जिला आपण ‘पोरखेळ’ म्हटले आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तर तेवढी वानरे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते आहे. तर एकूण किती? आज आपण अव्यक्ताला, म्हणजे शोधायच्या संख्येला, क्ष म्हणतो, आणि हे गणित सोपे करून क्ष² − ५५क्ष = −२५० असे लिहितो. भास्कराचार्य त्यासाठी ‘यावत्तावत्’चे आद्याक्षर ‘या’ लिहीत, त्याच्या वर्गाला ‘याव’, नुसत्या संख्येला ‘रू’, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. बरोबरचे चिन्ह त्यांच्याकडे नव्हते. समीकरणाच्या दोन बाजू ते एकाखाली एक मांडत. वरच्या ओळीत याव १, या ५५ (टिंबासह), रू ०. खालच्या ओळीत याव ०, या ०, रू २५० (टिंबासह). शून्येही लिहावी लागत, कारण जागा रिकामी सोडली तर सजातीय पदे एकाखाली एक येत नाहीत.

बरोबरचे चिन्ह प्रथम वापरणारा ब्रिटिश गणिती रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये ‘च्या बरोबर’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी दोन समांतर रेषा काढल्या, हा किस्साही आपल्याला क्षुल्लक वाटला. पण हे चिन्ह त्यानंतर साठेक वर्षे छापील पुस्तकांत पुन्हा दिसत नाही, आणि एकाखाली एक ओळींची मांडणी पाहिल्यावरच ते नसतानाही गणित कसे पुढे जात होते, हे कळते.

या समीकरणाची उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पन्नास बरोबर ठरते : पाचवा हिस्सा दहा, उणे तीन म्हणजे सात, साताचा वर्ग ४९, आणि झाडावरचे एक. पाच घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन उरते. त्याचा वर्ग चार आणि एक मिळून बेरीज पाचच भरते, तरीही भास्कराचार्य हे उत्तर नाकारतात, कारण व्यवहारात ऋण संख्या लोकांना पटत नाही. गेल्या वर्षी मी हे अमळनेरच्या नववीच्या मुलांना सांगितले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, ताळा तर जमतोय ना?’ उरलेला तास ताळा जमूनही उत्तर का टाकायचे, यावरच गेला. वानरे नसती, तर तो प्रश्न तिला पडला असता असे मला वाटत नाही.

मूळ लेखातील पाटणचे वाक्य आणि लग्नाची कथा आज बदलली आहे. वानरांचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.