‘दुखणे थांबले की कंडरा बरी झाली’: धनुर्धरांना मिळणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांमध्ये हाताच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) दुखापतीविषयी एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला आहे, आणि त्यांचेच व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या आपल्याकडच्या कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेले धनुष्य वापरणाऱ्या, तिरंदाजांपर्यंतही तो आता पोहोचला आहे. थोडक्यात तो असा: कोपर दुखू लागले म्हणजे कंडरेला सूज आली आहे, तेव्हा धनुष्य सहा महिने कपाटात ठेवावे आणि बर्फ लावावा. हंगाम जवळ आला असेल तर स्टिरॉइडचे एक इंजेक्शन घ्यावे. दुखणे थांबले की कंडरा बरी झाली असे समजून पूर्वीच्याच पाउंडेजवर (धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोरावर) परतावे, कारण कंपाउंड धनुष्याचा लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ताणल्यावर भार कमी होण्याची सोय, हातावर ताण येऊच देत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही, पण दुखापत तीच आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक विजेतेपदे मिळवली, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. कोवळ्या वयात हे धनुष्य हाती घेणाऱ्या मुलांची संख्या वाढत असताना असा सल्ला तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणे मला गैर वाटते. येथे मी मुख्यतः कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे ‘टेनिस एल्बो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुखण्याविषयी लिहितो आहे, कारण धनुष्य धरणाऱ्या हाताचे हे नेहमीचे दुखणे आहे.

सूज आणि बर्फ यांचा मुद्दा लवकर संपणारा आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल यांनी १९७९ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या कोपराच्या कंडरांचे जे वर्णन केले, त्यात दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. होते ते कोलॅजेन या प्रथिनाच्या विस्कटलेल्या तंतूंचे आणि त्यांत शिरलेल्या अपरिपक्व रक्तवाहिन्यांचे जाळे. महिनोन्महिने रेंगाळणारे दुखणे हे प्रामुख्याने फसलेल्या दुरुस्तीचे दुखणे असते, त्यामुळे सूज उतरवण्याच्या उपायांनी त्याचे मूळ हलत नाही. ‘विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, हात उंच’ हे सूत्र १९७८ साली रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये बर्फ आणि संपूर्ण विश्रांती बरे होण्यास विलंब लावू शकतात असे जाहीरपणे लिहिले. वेदना तात्पुरती बधिर करण्यासाठी कोणी बर्फ लावला तर त्याला हरकत नाही, मात्र तो उपचार झाला असे समजू नये.

सहा महिन्यांच्या विश्रांतीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी मुख्यतः कोलॅजेनची दोरी, आणि तिच्यातील पेशी ताणाच्या संदेशावर काम करतात. भार पडल्यानंतर पहिल्या दिवसात तंतूंची मोडतोड आणि बांधणी दोन्ही वाढतात, मोडतोड आधी ओसरते आणि बांधणी दोन-तीन दिवस चढती राहते. म्हणूनच जड व्यायामाच्या दोन सत्रांत अंतर ठेवावे लागते, आणि म्हणूनच भार पूर्ण बंद केला की बांधणीचा संदेशही बंद होतो. बिछान्यात पडून राहिलेल्या निरोगी माणसांच्या कंडरासुद्धा आपला ताठपणा गमावतात. शिवाय सहा महिन्यांत नवी कंडरा तयार होते ही कल्पनाच निराधार आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे डॅनिश संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की टाचेवरच्या ॲकिलिस कंडरेचा गाभा साधारण सतरा वर्षांच्या वयापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. हा निष्कर्ष ॲकिलिसचा आहे हे खरे, पण दुखावलेली कंडरा झोपेत स्वतःला नव्याने विणून घेते या समजुतीला तो पुरेसा धक्का देतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो, की ‘मी धनुष्य ठेवून दिले आणि मला बरे वाटले’. हे अनेकांच्या बाबतीत खरे असते. टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण वर्षभरात बऱ्यापैकी सुधारतात, आणि ज्यांना विशेष उपचार न देता केवळ वाट पाहायला सांगितले तेही वर्षअखेरीस व्यायाम करणाऱ्यांच्या जवळपास येऊन पोहोचतात, असे चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्या चाचण्यांत वाट पाहणारी माणसे हात झोळीत घालून बसलेली नव्हती. दुखावणारी कामे टाळून किंवा बदलून हात वापरत राहण्याचा सल्ला त्यांना दिलेला होता. नेहमीच्या व्यवहारासाठी पुरेशी सुधारणा आणि साठ-सत्तर पाउंडांचे धनुष्य शंभर वेळा ओढण्याची क्षमता या दोन निराळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी वाट पाहून चढता येत नाही. दुखणे ताजे असताना काही दिवस, फार तर दोन आठवडे, धनुष्य बाजूला ठेवणे योग्यच आहे. त्यानंतरचा प्रत्येक निष्क्रिय आठवडा हाताला पुढच्या भारासाठी अधिक अपात्र करतो.

इंजेक्शनविषयी मात्र मी सर्वांत आग्रहाने लिहीन, कारण या बाबतीत पुरावा दुर्मीळ वाटावा इतका स्पष्ट आहे. ब्रिस्बेनमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांचे तीन गट केले होते: स्टिरॉइडचे इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि केवळ वाट पाहणे. सहा आठवड्यांनी इंजेक्शनचा गट सर्वांत पुढे होता. त्यातील ७८ टक्के रुग्णांना लक्षणीय बरे वाटले, तर फिजिओथेरपीत ६५ आणि वाट पाहणाऱ्यांत २७ टक्के रुग्णांना. चित्र येथेच थांबले असते तर हा सल्ला बरोबर ठरला असता. पण त्याच इंजेक्शन गटातील ७२ टक्के रुग्णांची तब्येत पुढे पुन्हा खालावली. त्याच शहरातील संशोधकांच्या १६५ रुग्णांवरील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टिरॉइडची तुलना औषधाविना दिलेल्या इंजेक्शनशी केली गेली: वर्षभरानंतर पूर्ण किंवा मोठी सुधारणा स्टिरॉइड गटात ८३ टक्के, तर दुसऱ्या गटात ९६ टक्के होती, आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ आणि १२ टक्के होते. म्हणजे काहीही न देणारी सुई स्टिरॉइडपेक्षा हितकर ठरली.

सहा आठवड्यांचा हा फसवा उतार धनुर्धरासाठी विशेष घातक आहे. ऑगस्टमध्ये इंजेक्शन घेतलेला शिकारी सप्टेंबरच्या हंगामात वेदनेशिवाय धनुष्य ओढतो, इंजेक्शनची शिफारस तेवढ्याच अनुभवावर दुसऱ्याला करतो, आणि हिवाळ्यात दुखणे परतते तेव्हा त्याचा दोष वयाला किंवा थंडीला देतो. इंजेक्शनची ख्याती अशी टिकून राहते. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्स टोचण्याचा महागडा पर्याय अलीकडे सुचवला जातो, पण अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२१च्या कॉक्रेन समीक्षेनुसार टेनिस एल्बोमध्ये त्याचा अर्थपूर्ण लाभ बहुधा होत नाही.

‘दुखणे थांबले की कंडरा बरी झाली’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकते. वेदना शमली तरी भार पेलण्याची क्षमता मागे राहिलेली असू शकते, आणि उलट थोडी वेदना होत असतानाही कंडरा सुखरूप बळकट होत असते. ॲकिलिसच्या रुग्णांसाठी स्वीडनमध्ये वापरलेल्या पद्धतीत व्यायामाच्या वेळी दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालवून घेतली जाते. अट एवढीच, की ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरावी आणि आठवड्यामागून आठवडा चढत जाऊ नये. कोपरासाठी मी ही मर्यादा तीनवर ठेवण्याच्या बाजूचा आहे, पण तत्त्व तेच. धनुष्य ओढताना काय वाटले यापेक्षा दुसऱ्या सकाळी चहाचे भांडे उचलताना काय वाटते हे अधिक विश्वासार्ह माप आहे. एमआरआयच्या अहवालालाही अंतिम निवाडा समजू नये: १९९५ साली खांद्याचे काहीही दुखणे नसलेल्या ९६ जणांची तपासणी केली असता ३४ टक्के लोकांच्या खांद्याच्या कंडरेत चीर आढळली, आणि साठीपुढच्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते.

लेट-ऑफचा युक्तिवाद अर्धसत्य आहे. १९६९ साली पेटंट मिळालेल्या होलेस विल्बर ॲलन यांच्या कंपाउंड धनुष्याची खुबीच ही, की पूर्ण ताणल्यावर हातावर थोडाच भार उरतो: सत्तर पाउंडांच्या आणि ऐंशी टक्के लेट-ऑफच्या धनुष्यात तो चौदा पाउंड असतो. परंतु त्या चौदापर्यंत पोहोचण्यासाठी सत्तरचा डोंगर दर वेळी ओलांडावाच लागतो, आणि बाण न सोडता प्रत्यंचा परत नेताना तोच भार अचानक हातावर आदळतो. शिकारीत ही वेळ वारंवार येते. थंडीत मचाणावर दोन-तीन तास निश्चल बसलेला माणूस जाड कपड्यांनिशी, स्नायू गार असताना एका झटक्यात धनुष्य ओढतो आणि जनावर वळले म्हणून पुन्हा उतरवतो. मैदानावरच्या तिरंदाजाची अडचण निराळी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत कंपाउंडची कमाल मर्यादा साठ पाउंड आहे, पण बाणांची संख्या कितीतरी अधिक असते. शिवाय कोपराच्या बाहेरच्या कंडरेचा खरा वैरी धनुष्य धरणाऱ्या हाताची घट्ट मूठ आणि बाण सुटल्यानंतरचा हादरा हा आहे. त्यावर लेट-ऑफचा काही इलाज नाही. सैल पकड, मनगटाला अडकवलेली दोरी, योग्य ड्रॉ लेंग्थ (धनुष्य ओढण्याची लांबी) आणि फार हलके नसलेले बाण यांचा आहे.

विश्रांतीचा सल्ला जिथे थेट नुकसान करतो अशी एक परिस्थिती वेगळी सांगितली पाहिजे. जड ओझे उचलताना किंवा ओढताना कोपराच्या पुढच्या बाजूस ‘कट’ असा आवाज झाला, तेथे काळेनिळे पडले, दंडाचा स्नायू वर सरकल्यासारखा दिसू लागला आणि पेचकस फिरवण्याची ताकद एकाएकी गेली, तर बायसेप्सची खालची कंडरा हाडापासून सुटली असण्याची शक्यता असते. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत हे अधिक घडते आणि धूम्रपानाने त्याचा धोका बराच वाढतो. शस्त्रक्रिया करायची असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी असते. पुढे कंडरा आक्रसून वर जाते. अशा माणसाला ‘सहा महिने थांब’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हातून ही संधी काढून घेणे होय. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष लागू आहे: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा तुटू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दुकानातून चिठ्ठीशिवाय ही औषधे घेण्याची सवय असलेल्या धनुर्धराने, त्यातही साठीपुढच्याने किंवा स्टिरॉइड घेणाऱ्याने, हे ध्यानात ठेवावे.

राहिला पूर्वीच्या पाउंडेजवर एकदम परतण्याचा मुद्दा. त्याऐवजी काय करावे, हे तज्ज्ञ फिजिओथेरपिस्टने हात पाहून ठरवायचे असले तरी त्याची रूपरेषा सांगता येते. सुरुवात टेबलाशी होते: बाहू टेकवून, तळवा खाली ठेवून, कडेबाहेर काढलेले मनगट अर्ध्या ते एक किलो वजनासह तीन-चार सेकंदांत सावकाश खाली सोडायचे आणि दुसऱ्या हाताने वर आणायचे. हे निर्वेध होऊ लागले की वजन वाढते, आणि रबरी पट्ट्याने खांद्याच्या पात्यामागचे स्नायू बळकट केले जातात, कारण धनुष्य पाठीने ओढायचे असते. दंडाने ओढणारा माणूस कोपराला त्याची किंमत मोजायला लावतो. त्यानंतर हलके धनुष्य, एकाआड एक दिवस, मोजके बाण. पाउंडेज, बाणांची संख्या आणि दिवस या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. खुर्चीवर बसून, पाय जमिनीपासून उचलून, धनुष्य आभाळाकडे न रोखता सरळ समोर ओढता येत नसेल तर ते पाउंडेज सध्या आपले नाही, ही शिकाऱ्यांची जुनी कसोटी येथे उपयोगी पडते. या क्रमाला तीन महिने सहज लागतात, जुनाट दुखण्यात त्याहून अधिक.

कमी पाउंडेजने शिकार होतच नाही, असे म्हणून या क्रमाला फाटा दिला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नियमांत धनुष्याची किमान ओढ पस्तीस पाउंड आहे, आणि धारदार पात्याचा, पुरेशा वजनाचा बाण चाळीस-पंचेचाळीस पाउंडांवरूनही जवळच्या अंतरावर हरणाचा प्राण घेतो. एल्कसारख्या मोठ्या जनावराच्या बाबतीत मात्र मी हा धोका पत्करू नये असेच म्हणेन. अपुऱ्या ताकदीच्या बाणाने जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे हाल धनुर्धराच्या हौसेपेक्षा मोठे आहेत. कोलोरॅडोत शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे हिवाळ्यात कोपर दुखावलेल्या शिकाऱ्याला सप्टेंबरच्या धनुष्य-हंगामाचा परवाना मागायचा की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बंदुकीच्या हंगामाचा, हे वसंतातच ठरवावे लागते. आणि तोपर्यंत टेबलावरचा व्यायाम निर्वेध झालेला नसेल तर त्याने त्या वर्षापुरता दुसरा पर्याय निवडावा.